झालं की कळवतो

आमच्या गाडेकर साहेबांना "कसे आहात?" असं विचारू नये. ते चिडतात. "इचारता कशाला? काय झालं तर मीच कळवीन की."

वाळूजच्या आमच्या कारखान्यात ते संगणक विभाग सांभाळतात आणि मी स्टोअर. पूर्वी ऑफिसची सिस्टीम दर थोड्या वेळानं प्रत्येक मशीनला विचारायची, काम झालं का, काम झालं का. नव्या सुनेच्या मागं सासू लागावी तशी. साहेबांनी ते बंद करून वेबहुक बसवले. आता मशीनवर काही घडलं की मशीन स्वतःच सिंक प्लॅटफॉर्म नावाच्या मधल्या सिस्टीमला निरोप धाडतं आणि तिथून तो ज्याला हवा त्याला पोचतो. "ज्याच्याकडं घडलं त्यानं सांगावं, बाकीच्यांनी गप ऱ्हावं," असं साहेबांचं म्हणणं.

व्यवस्था झकास होती, पण साहेबांनी ती स्वतःलाच लावून घेतली. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून त्यांचे निरोप सुरू. "निघालो." "छावणी ओलांडली." "गाडी पंक्चर." कुणी उत्तर दिलं नाही तर तोच निरोप पुन्हा, कारण पोच मिळेपर्यंत धाडत राहायचं हा वेबहुकचा शिरस्ता. मग आमच्यातलाच कुणीतरी वैतागून "बरं" असं लिहायचा.

एका लग्नात वाढप्यानं विचारलं, "जिलबी घेता?" साहेब म्हणाले, "लागली तर सांगतो." वाढपी पुन्हा फिरकला नाही. जिलबी हुकली, पण गड्यानं तत्त्व सोडलं नाही.

फुलंब्रीला त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहते. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं. तिलाही ते फोन करत नसत. तिच्या पाण्याच्या मोटरीजवळ त्यांनी एक डबी बसवली होती. सकाळी आक्कानं मोटर लावली की साहेबांच्या मोबाइलवर निरोप यायचा, "आक्का उठली." तो वाचून ते कामाला लागत.

एका मंगळवारी हा निरोप आलाच नाही.

साहेब माझ्या टेबलाशी येऊन बसले. समोरचा चहा निवून गेला.

"लाईट गेली असेल," मी म्हणालो.

"या कामात एक खोट हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "काय घडलंच नाय म्हणून गप हाय, की सांगणारंच ऱ्हायलं नाय म्हणून गप हाय, ते इकडं कळत नाय."

"अहो साहेब, मग फोन लावा ना."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं सरकवला. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. रिंग वाजत राहिली. मला त्यांच्याकडं बघवेना.

"कोन, बाळू?" आक्काचा आवाज चांगला ठणठणीत होता.

"आक्का, लाईट नाय का तिकडं?"

"लाईट हाय की. तुझ्या डबीची पिन मीच उपसली."

"कशापायी?"

"लई दिस झाले तुझा आवाज ऐकून. म्हटलं बघावं, आता तरी फोन करतो का नाय."

साहेब भडकणार असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "कशी हाईस, आक्का?"

"आता इचारलंस तर सांगते. बस निवांत," आक्का म्हणाली आणि तिनं गुडघ्यापासून सुरुवात केली.