पंचमीच्या आदल्या दिवसाचं दळण

आमच्या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याचा एक गेलेला दिवस ग्रामपंचायतीतून परत मिळतो. अट एवढीच, की त्या दिवसाचे जेवढे साक्षीदार हयात आहेत त्या सगळ्यांना तो सारखाच आठवला पाहिजे. शिवाय मिळालेल्या दिवसात बदल करता येत नाही. तेव्हा जे केलं तेच पुन्हा करायचं. लोक बहुतेक लग्नाचा दिवस मागतात, आणि तिथंच भांडणं होतात. मागं तात्या पाटलांच्या लग्नात जिलेबी होती की बुंदी, यावर वऱ्हाडी अडून बसले. शेवटी दोन्ही मान्य झाल्या आणि तात्या आठवडाभर पोट धरून होते. मी पंच असल्यामुळे असले तंटे मला पाठ आहेत.

हौसाबाईंनी मागितलेला दिवस लग्नाचा नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ शिदा नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्यांना माहेरी न्यायला आला होता, तो दिवस त्यांना हवा होता. त्या वर्षी वडील वारले होते आणि माहेरचा निरोप उशिरा पोचल्यामुळे हौसाबाईंना त्यांचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. म्हणून त्यांनी भावाला बघून दार लावून घेतलं आणि त्याच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून जातं ओढत बसल्या. पंचमीला दळण-कांडण बंद असतं, तेव्हा आदल्या दिवशी दळायला निमित्तही होतं. शिदा दिवसभर पायरीवर बसला आणि गेला. दिवाळीच्या आत तो तापानं वारला.

दुसऱ्या साक्षीदार म्हणजे हौसाबाईंच्या धाकट्या जाऊबाई, शेजारच्या दारातल्या चंपाबाई.

"दार उघडलं हुतं की आक्कांनी," चंपाबाई पंचायतीत म्हणाल्या. "भावाला पाणी दिलं. मी माझ्या दारातनं बघितलं."

"कशातून दिलं?" ग्रामसेवक टिंगरे भाऊसाहेबांनी विचारलं.

"पितळी तांब्यातनं. बुडाला पोचा आलेला."

"त्यो तुझा तांब्या," हौसाबाई म्हणाल्या.

"तांब्या माझाच. पर हात तुमचा हुता."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. "एकीच्या दिवसात दार बंद, दुसरीच्या दिवसात उघडं. असा दिवस निघत नाही, आजी. दार अर्धवट ठेवायची सोय नाही. दोघींनी मिळून काय ते एक ठरवा."

सगळ्यांनी समजावलं. मीही म्हणालो, "हौसाबाई, उघडं दार आयतं मिळतंय. हो म्हणा, भावाला पाणी पाजा, डोळे भरून बघा." मला खरोखर राग आला. जन्मभर उराशी धरलेला दगड खाली ठेवायची संधी, आणि ही बाई विचार करत बसली आहे. देव देतो आणि कर्म नेतं, दुसरं काय!

हौसाबाई बराच वेळ पदराचं टोक चोळत होत्या.

"उघड्या दारातला शिदा चंपीचा," त्या म्हणाल्या. "मी त्येला वळखत न्हाई. माझा शिदा बंद दाराभाईर बसलाय. त्येला तसाच टाकून ह्येच्यासंगं कशी बसू?"

चंपाबाईंचा चेहरा पडला. "मग मी एवढी वर्सं काय बघत आले? तुम्ही दार उघडल्यालं आठवलं की मला लई बरं वाटायचं, आक्का." त्यांनी डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या. लिवा भाऊसाहेब, दार बंद."

दिवस श्रावणातच मिळाला. नियमाप्रमाणे मी आणि भाऊसाहेब दिवसाच्या बाहेर, गल्लीच्या कडेला उभे राहिलो. पायरीवर पोरसवदा शिदा बसला होता, मांडीवर नव्या लुगड्याचं गाठोडं घेऊन. त्यानं "आक्के" अशी हाक मारली आणि आत जातं सुरू झालं.

पण हौसाबाईंचे हात आता तेव्हाचे राहिले नव्हते. जातं अडखळत फिरायचं, थोड्या फेऱ्या झाल्या की थांबायचं. थांबलं की बाहेरचा शब्द न् शब्द आत जायचा. यावर हरकत घ्यावी का, असं भाऊसाहेबांनी मला नजरेनंच विचारलं. दळण तर चालू होतं, म्हणजे बदल काही नव्हता. मी नको म्हणून मान हलवली.

"निरोपाला माझ्याकडनंच उशीर झाला, आक्के," शिदा दाराला सांगत होता. "बा ग्येला तवा मला कायबी सुचलं न्हाई. रुसायचं तर रूस. पर औंदा झोका चिंचंला बांधलाय. त्येच्यावर बसून रूस."

जातं थांबलं. खूप वेळानं पुन्हा सुरू झालं.

दुपारी चंपाबाई आपल्या दारातून बाहेर आल्या आणि त्यांनी शिदाला पाणी दिलं. तो पीत होता तेवढा वेळ त्या स्वतःच्या हाताकडेच बघत होत्या. मग रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या.

दिवस मावळला तसा शिदा गाठोडं उचलून निघून गेला. गल्लीच्या वळणावर त्यानं एकदा मागं पाहिलं. तो दिसेनासा झाल्यावर हौसाबाईंनी दार उघडलं. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं आणि गालांवर ते ओलं होऊन चिकटलं होतं. चंपाबाईही बाहेर आल्या.

"दिवस बरोबर मिळाला का, आजी?" भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं.

"मिळाला. पीठ जरा भरड निघालं," हौसाबाई म्हणाल्या. मग त्या जावेकडं वळल्या.

"चंपे, औंदा झोका चिंचंला बांधलाय म्हणं."