गवताआडच्या बंगलीचा निवाडा

छप्पर राखणारा परमेश्वर प्रसन्न असो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, आषाढमास, ते समयी डोंगरमाथ्यावरील राज्यात एका बंगलीचा निवाडा जाहला, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

पूर्वी विलायतेच्या राणीचे अमदानीत कोणी गोरा कप्तान हवा खावयास डोंगर चढला, आणि त्यास मुलूख मानवला, आणि त्याने कुटुंबाकरिता बंगली बांधिली. बंगली लहान, परंतु मोठी नटवी. वळचणीस सागवानी लाकडाची कातीव झालर, खिडक्यांस तांबड्या-निळ्या काचा, आणि छपरावर एक मनोरा, ज्यात माणूस मावत नाही व ज्यातून कबुतरे निघत नाहीत. मग कप्तान स्वदेशी गेला आणि बंगली हातोहात फिरत सातपुते यांचे घराण्यात आली. त्या घरच्या फ्लोराबाई शाळेत मास्तरीण होत्या, त्यांनी लग्न केले नाही, बंगलीतच म्हाताऱ्या जाहल्या. दर उन्हाळ्यात शिडीवर चढून झालर तेलाने पुसीत, आणि पुसता पुसता तिजशी बोलत, हे साऱ्या बाजारपेठेस ठाऊक. परंतु निम्मा हिस्सा पुतणे सॅमसनराव यांचा, आणि त्यांचे मनी बंगली पाडून तेथे पाच मजली लॉज उठवावे. बाईंनी रडून आकांत केला. मग ऐसे ठरले, की दरबारची वारसा समिती येऊन पाहील; तिने वारसा म्हटले तर बंगली राहील, न म्हटले तर पडेल. आणि समितीने आषाढमास नेमिला, कारण त्या मासी डोंगरावरील हॉटेले स्वस्त मिळतात.

आता त्या मुलखाची रीत ऐसी, की पाऊस अनावर, म्हणून मिरगाआधी घरास चहूबाजूंनी झडी बांधतात, म्हणजे गवताचे जाड पडदे, ते पाऊस सरेतो सुटत नाहीत. पायथ्याच्या शहाण्यांस ही गोष्ट कोण सांगणार? समितीची स्वारी उलट्या छत्र्या सावरीत आली, तो पुढे एक गवताची गंज आणि तिजला दार. अध्यक्ष दामोदरपंत पुसते जाहले, "बंगली कुठे आहे?" झडी बांधणारा गेनू ढेबे म्हणाला, "हीच की सायेब. आत हाय." मग पंतांनी हुकूम केला, "या झडी सोडा. झालर पाहिल्याशिवाय निर्णय देता येणार नाही." आणि सॅमसनराव लगबगीने म्हणाले, "सोड रे गेनू, लवकर सोड."

तो फ्लोराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेनू, हात लावू नकोस." पंत समजावीत म्हणाले, "बाई, यात तुमचंच नुकसान आहे. न पाहता वारसा म्हणू कसा?"

"कळतंय मला," बाई म्हणाल्या. "पण या पावसात तिला उघडी केली तर लाकूड फुगेल, सांधे सुटतील. ती वाचावी म्हणून तिलाच भिजवू? नका म्हणू वारसा. पाडायची तर पाडा. पण दिवाळीनंतर पाडा, कोरडी असताना." आणि त्या दाराच्या चौकटीस पाठ लावून उभ्या राहिल्या. लिहिता लिहिता आम्हांस गहिवरून येते, ते लपवीत नाही.

मग दामोदरपंतांनी छत्री मिटिली, गेनूने टेकवलेल्या शिडीवर चढले, आणि गवत किंचित सारून कोपरापर्यंत हात आत घातला, आणि डोळे मिटून बोटे फिरवीत म्हणाले, "वेल आहे. हे पान. इथे फूल... आणि कोरडं ठणठणीत आहे हो." समितीतील एक गृहस्थ कुरकुरले, की चाचपून पाहणे नियमात नाही. पंत शिडीवरूनच म्हणाले, "डोळ्यांनीच पाहावं, असंही नियमात नाही. वारसा आहे. राहू द्या."

ते खाली उतरले, तो गवतास पडलेल्या फटीतून पाऊस आत शिरू लागला. तेव्हा सॅमसनराव कोणी न सांगता शिडीवर चढले आणि दोन्ही तळव्यांनी फट दाबून धरिली, गेनू सुतळी आणीतोवर तैसेच भिजत राहिले. बाई खालून म्हणाल्या, "पुरे रे सॅमी, पडशील. आत ये, चहा टाकते."

एवंच बंगली राहिली. समितीपैकी कोणी ती झालर अद्याप डोळ्यांनी पाहिली नाही. इति.