दिवाणी खरं, फौजदारी खरं

सत्य एकच असतं, ही समजूत प्रामुख्यानं ज्यांच्यावर अजून दावा लागलेला नाही अशा लोकांत आढळते. शाळेत ती शिकवली जाते आणि साधारण शाळा सुटेपर्यंत टिकते. पुढं माणूस मोठा होतो, भावकी मोठी होते, आणि तालुक्याच्या कोर्टात गेल्यावर त्याला कळतं की सत्यं कमीत कमी दोन असतात. एक दिवाणी, एक फौजदारी. दोन्ही खरीच असतात, फक्त एकमेकांना भेटू द्यायची नसतात.

केरबाआण्णांना हे ज्ञान वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी झालं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात, आणि आण्णा काही वेडे नव्हते. ते रॅम्पवरून गेले. (तालुका कोल्हापूर जिल्ह्यातलाच. नाव सांगत नाही, कारण तिथं अजून तारखा चालू आहेत.)

भांडणाचा विषय शेवग्याचं झाड. आण्णांचं घर आणि त्यांचा चुलतभाऊ ज्ञानू याचं घर, यांच्यामध्ये एक बोळ आहे. म्हैस आत गेली तर तिला उलटं चालतच बाहेर यावं लागतं, एवढाच. त्या बोळाच्या तोंडाशी हे झाड. आण्णांच्या आक्कानं ते लावलेलं. आई लवकर गेली, तेव्हा याच आक्कानं त्यांना शेवग्याची आमटी घालून वाढवलं. आक्का आता नाही, झाड आहे. ज्ञानूनं फांदीला हात लावला की आण्णांना आक्का पुन्हा गेल्यासारखं वाटायचं. ते दुःख अगदी खरं होतं, पण कायद्यात त्याला कलम नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, नऊ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता त्या झाडाखाली काहीतरी घडलं. नेमकं काय घडलं ते कुणी विचारलं नाही, कारण त्यासाठी स्वतंत्र कोर्ट नाही. मात्र त्यातून दोन प्रकरणं रीतसर उभी राहिली.

पहिलं दिवाणी. आण्णांचा दावा असा की झाड माझं, तीस वर्षं कबजा माझा, आणि त्या दिवशी मी शेंगा काढत असताना ज्ञानूनं मला अडवलं.

दुसरं फौजदारी. ज्ञानूची फिर्याद अशी की आण्णांनी त्या दिवशी मला शेवग्याच्या शेंगेनं मारलं. (पंचनाम्यात: 'अंदाजे सव्वादोन फूट लांबीचं, हिरव्या रंगाचं, दोन्ही टोकांना निमुळतं हत्यार.')

सामान्य माणूस दिवाणी आणि फौजदारी यांत गल्लत करतो, म्हणून फरक सांगणं आवश्यक आहे. दिवाणीत केरबा विरुद्ध ज्ञानू असं असतं. फौजदारीत महाराष्ट्र शासन विरुद्ध केरबा असं असतं. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा समस्त मुलूख एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला आण्णा, तेही गुडघेदुखीसह. दिवाणीत माणूस बाकावर बसून म्हातारा होतो, फौजदारीत उभ्यानं होतो. दिवाणी कोर्ट 'किती वर्षं?' विचारतं, फौजदारी कोर्ट 'किती वाजता?' विचारतं. दिवाणीत पुरावा भाजीवालीच्या तागडीत तोलतात, पारडं जरा कललं की झालं. फौजदारीत सोनाराच्या काट्यावर तोलतात, आणि काटा हलला की आरोपी घरी. दिवाणीत शेंग हे फळ असतं. फौजदारीत तीच शेंग मुद्देमाल असते, तिला लाखेचं सील असतं, आणि अकरा वर्षांत ती इतकी वाळते की पाकीट हलवलं तर पुरावा वाजतो.

दिवाणी दाव्यात कोर्ट कमिशनर दोनदा झाड बघून गेले. पहिल्या खेपेस झाडाला दोनशे बारा शेंगा होत्या, दुसऱ्या खेपेस एकही नव्हती. ही तफावत गंभीर असल्यानं दोन्ही पक्षांकडून खुलासा मागवण्यात आला. हंगाम संपला होता, असा खुलासा दोघांनी दिला. पण एकाच दिवशी दिला म्हणून संगनमताचा संशय आला.

एकूण तारखा सत्त्याऐंशी. त्यांपैकी एकतीस तारखांना आण्णांचे वकील दुसऱ्या कोर्टात होते आणि चोवीस तारखांना ज्ञानूचे. एकोणीस वेळा साहेब रजेवर होते. सात तारखा महापुरानं नेल्या. उरलेल्या सहा तारखांना खरोखर काम झालं. (त्यातल्या चार तारखांना ते दुसऱ्याचं होतं.)

आता अडचण एवढीच होती, की आण्णा त्या दिवशी दहा वाजता झाडाखाली असतील तर झाड त्यांचं, पण मग मारही त्यांनीच दिलेला. आणि झाडाखाली नसतील तर मार देणं शक्य नाही, पण मग कबजाही नाही आणि झाड ज्ञानूचं. आण्णांना दोन्ही हवं होतं. आक्काचं झाडही हवं होतं, आणि त्याच्या सावलीला बसायला आण्णाही मोकळे हवे होते.

त्यावर कायद्याकडे उपाय असतो. आण्णांनी दोन वकील केले. दिवाणीला पृथ्वीराज वकील. त्यांनी लिहून दिलं की वादी त्या दिवशी झाडाखाली होता, आदल्या दिवशी होता, गेली तीस वर्षं होता, आणि जवळजवळ तिथून हललाच नाही. फौजदारीला सबिना मॅडम. त्यांनी सांगितलं की आरोपी त्या दिवशी गावातच नव्हता, नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेला होता. (पुरावा: कवठाच्या बर्फीचं रिकामं खोकं, निशाणी तेवीस.) ज्ञानूही मागं नव्हता. दिवाणीत त्याचं म्हणणं, केरबा त्या झाडाकडं कधी फिरकलाच नाही. फौजदारीत त्याचं म्हणणं, केरबा झाडाखाली दबा धरूनच बसला होता. म्हणजे प्रत्येकी दोन, अशी चार सत्यं झाली. एवढ्या लहान तालुक्याला ती पुष्कळ होती.

हे सगळं दोन वेगळ्या न्यायाधीशांपुढं चाललं असेल असं आपल्याला वाटेल. तसं नाही. छोट्या तालुक्यात न्यायाधीश एकच असतात. तेच दिवाणी न्यायाधीश आणि तेच फौजदारीचे न्यायदंडाधिकारी. खुर्ची तीच, पंखा तोच. फक्त समोरची फाईल बदलते, आणि फाईल बदलली की साहेबांना आधीचं काही माहीत नसतं. आठवणीची प्रमाणित प्रत दाखल झाल्याशिवाय त्यांना आठवताच येत नाही, असा कायदा आहे. या व्यवस्थेचं कौतुक करावं तेवढं थोडं. घरात बायकोला हा नियम लावून बघा.

प्रश्न आण्णांच्या आठवणीचा होता. कुठल्या वेळी कुठलं खरं सांगायचं, हे पहिल्यापासूनच ध्यानात राहीना. तेव्हा सबिना मॅडमनी साधी खूण दिली.

"आण्णा, डोक्याला ताण देऊ नका. मी उभी असले की तुम्ही वाडीला होता. पृथ्वीराज उभे असले की झाडाखाली होता. संपलं."

"तुमी हुब्या, म्या वाडीला. ते हुबं, म्या झाडाखाली," आण्णा म्हणाले. "एवढं तर म्हशीलाबी कळतंय की."

ही खूण अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही. (एकदाही साक्ष झाली नव्हती.)

मग तो दिवस उगवला. दोन्ही प्रकरणं एकाच तारखेला लागली. सकाळी दिवाणीत आण्णांचा उलटतपास, दुपारी फौजदारीत आरोपीचा जबाब. आणि वकीलवर्गात एक जुनी, सुंदर रीत आहे. एखाद्याला दुसऱ्या कोर्टात जायचं असलं तर तो सहकाऱ्याला म्हणतो, "तेवढं माझ्या वतीनं उभं राहा," आणि सहकारी उभा राहतो. त्या सकाळी पृथ्वीराज वकिलांना जयसिंगपूरला काम निघालं. त्यांच्या वतीनं सबिना मॅडम उभ्या राहिल्या.

पुकारा झाला. आण्णा पिंजऱ्यात चढले. ज्ञानूच्या वकिलांनी विचारलं, "नऊ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता तुम्ही कुठं होता?"

आण्णांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम उभ्या होत्या. आण्णांचा जीव भांड्यात पडला.

"वाडीला गेलतो. दत्ताच्या पायाची शपथ, त्या झाडाकडं म्या बघितलंबी न्हाय."

ज्ञानूच्या वकिलांनी अकरा वर्षं उलट उत्तराची तयारी केली होती. तयारीचे कागद मिटून ते खाली बसले. मॅडमनी डोळे मिटले. साक्षीदाराला मध्येच काही सांगता येत नाही, हा नियम त्यांनी स्वतःच आठवड्यापूर्वी दुसऱ्याला ऐकवला होता. आण्णा पिंजऱ्यातून उतरले, पण मॅडमना थांबायला वेळ नव्हता, इचलकरंजीला तारीख होती. दुपारी फौजदारीत आपल्या वतीनं उभं राहायला त्यांनी पृथ्वीराज वकिलांना फोन केला. उपकाराची फेड झाली. सकाळचं सांगायचं राहून गेलं.

दुपारी तीन वाजता साहेबांनी फाईल बदलली आणि आण्णांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

पृथ्वीराज वकील उभे होते.

"साहेब, म्या तितंच हुतो," आण्णा म्हणाले. "त्या दिवशीबी हुतो. तीस वर्सं तितंच हाय. त्या झाडाला हात लावंल त्याला सोडत न्हाय म्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सकाळचं काहीही त्यांना आठवलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

अकरा वर्षांत दोन्ही पक्षांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही एकाच दिवशी दोनदा. सकाळी केरबा झाडाकडं नव्हताच, यावर दोघे ठाम. दुपारी केरबा झाडाखालीच होता, यावरही दोघे ठाम. समेट म्हणतात तो हाच. निकाल पाच महिन्यांत, म्हणजे ताबडतोब लागले. वादी स्वतःच गैरहजर असल्याचं कबूल करतो, सबब दावा नामंजूर, झाडाकडं जायचं नाही. आरोपी स्वतःच हजर असल्याचं कबूल करतो, सबब दोषी. वय पाहून तुरुंगाऐवजी वर्षभर चांगलं वागण्याचा बाँड. आण्णांनी अंगठा न लावता झोकात सही केली. मग त्यांना झाड आठवलं, आणि ते बाकावर बसून लहान पोरासारखे रडले. शिपायानं त्यांना पाणी दिलं.

बाहेर आल्यावर डाव्या हाताच्या चहाच्या टपरीवर त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. टपरीवर आठ माणसं होती. आठही जणांनी चहा संपायच्या आत निकाल दिला, की आण्णांवर घोर अन्याय झाला, आणि ज्ञानू हा मुळातच हलकट. "अकरा वर्सं लागली त्यास्नी," एक पावणा म्हणाला, "आमाला अकरा मिनटं न्हाय लागली."

रस्त्याच्या पलीकडं दुसरी टपरी आहे. तिथं ज्ञानू बसला होता. तोही सांगत होता, आणि त्याची गोष्टही आक्कापासूनच सुरू होत होती. तिथंही आठ माणसं होती, आणि त्यांचाही निकाल तयार होता. आपण तिकडं गेला नाहीत. आपण डाव्या हाताच्या टपरीवर बसलात, कारण मी आपल्याला तिथं बसवलं, आणि बसल्या बसल्या न्यायव्यवस्थेला हसलात. आण्णांच्या बाजूनं निकालही मनात देऊन मोकळे झालात. त्याला कायद्यात एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. तो रद्द करून घ्यायला ज्ञानूकडं तीस दिवस आहेत. तो येईल तेव्हा त्याला आपल्याकडून तारीख मिळावी, एवढीच विनंती.