झोपलेलं विमान आणि जागी पोरं

मुलांना घेऊन विमानप्रवास करणं यात काय एवढं कठीण आहे, हे मला कधीच कळलं नाही. लोक उगाच बाऊ करतात! पोरांना पट्ट्याने बांधलेलं असतं, दारं बंद असतात, पळून पळून जाणार कुठे? बसस्टँडवर पोर हरवू शकतं, बाजारात हरवू शकतं, पण आकाशात? अशक्य! हेच मी बायकोला आदल्या दिवशी समजावून सांगितलं.

"तू पुढे बस. निवांत झोप काढ. दोघांना मी बघतो," मी म्हणालो.

"नक्की?" तिने विचारलं. या एका शब्दात तिने आमच्या लग्नाचा सगळा इतिहास कोंबला होता.

"अगं, अडकलेल्या लिफ्टमधून घाबरलेली माणसं बाहेर काढणं हा माझा रोजचा धंदा आहे. दोन पोरं म्हणजे किस झाड की पत्ती!"

बायको ग्रंथपाल आहे. त्या दुपारी तिची एका मोठ्या ग्रंथालयात मुलाखत होती, मुख्य ग्रंथपालाच्या जागेसाठी. त्या शहरात मुलांची मावशी राहते, म्हणून पोरांना तिच्याकडे सोडायचं असा बेत ठरला. बायकोची जागा अगदी पुढे, आमच्या तिघांच्या जागा पार शेवटी. तिने जाताना मला फक्त एवढंच सांगितलं, "मला हाक मारू नकोस. विमान पडलं तरी नको." आणि कानात कापूस घालून ती गेली.

आता माझ्या अपत्यांची ओळख करून देतो. थोरली ठिणगी. वय पाच, आवाज पन्नास जणांचा. धाकटा ढब्बू, अडीच वर्षांचा. तो बोलत कमी, करतो जास्त. ग्रंथपाल बाईच्या पोटी ही असली पोरं निपजली म्हणजे नियतीने तिच्यावर काढलेला सूडच म्हणायचा!

विमान अजून जमिनीवरच होतं, तेवढ्यात ढब्बूने पुढच्या खुर्चीला लाथा घालायला सुरुवात केली. एका हाताने मी त्याचे पाय धरले. त्याने हाताने खुर्चीच्या दांडीवरचं बटण दाबलं. टिंग! हवाईसुंदरी आली. मी सॉरी म्हणालो. ती वळली. टिंग! ती परत आली. मी परत सॉरी म्हणालो. तिसऱ्या वेळी ती लांबूनच माझ्याकडे बघून हसली. दाढ ठणकत असताना फोटो काढायची वेळ आली तर माणूस हसेल तसं!

विमान वर चढलं. इकडे ठिणगी खिडकीला नाक लावून बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "बाबाऽऽ! आपण उडालो! बाबाऽऽ! घरं बघा! बाबाऽऽ! त्या काकांच्या कानात केस आहेत!"

आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. आणि अशा वेळी माझं डोकं काय चालतं म्हणता!

"शूऽऽ!" मी तिच्या कानाशी लागलो. "हळू बोल. विमान झोपलंय."

तिचे डोळे बशीएवढे झाले. "झोपलंय?"

"मग! विमानं झोपेतच उडतात. आरडाओरडा केला की त्यांना जाग येते, आणि जाग आली की चिडतात."

"चिडली की?"

"ते विचारूच नकोस."

काय सांगू, जादू झाली जादू! पोरगी अशी गप्प झाली, की जणू कुणी तिच्या बॅटऱ्याच काढून घेतल्या. बाहेर पंखाकडे काळजीने बघत बसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एवढी साधी गोष्ट बायकोला पाच वर्षांत सुचली नव्हती!

पण सुख कुणाला बघवतं? ढब्बूने कपाळाला आठ्या घातल्या, चेहरा लालबुंद केला आणि एकाग्रचित्ताने एका जागी स्थिर झाला. ज्यांना मुलं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना नाहीत, त्यांनी सुखात राहावं.

मी त्याला काखोटीला मारलं, ठिणगीचं बोट धरलं आणि मागच्या शौचालयाकडे निघालो. रांगेत आमच्यामागे एक झुपकेदार मिशांचे काका येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "काका, हिच्याकडे जरा लक्ष ठेवा, आलोच," आणि आत शिरलो.

विमानातलं शौचालय ज्याने बनवलं, त्याला कधी पोरं झाली नसावीत. आत मी उभा राहिलो की ढब्बू मावत नव्हता आणि ढब्बू उभा राहिला की माझी कोपरं मावत नव्हती. मी एका पायावर उभा, दुसरा पाय दाराला, स्वच्छ लंगोट दातात. अशा योगासनात असताना ढब्बूने भिंतीवरचं बटण दाबलं. घूंऽऽफ्! असा आवाज झाला, की आम्ही दोघेही ओरडलो. तो घाबरून माझ्या गळ्यात पडला, हमसाहमशी रडला आणि रडता रडताच खांद्यावर झोपला.

या काळात बाहेर काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढची मजा कळायची नाही.

काका मागे वळून कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते. ठिणगीने त्यांची पँट ओढली.

"काका, हळू बोला ना! झोपलंय."

"कोण झोपलंय गं?"

"ते!" आणि तिने दाराच्या छोट्या खिडकीतून पंखाकडे बोट दाखवलं. पंखाखाली ते ढोलाएवढं इंजिन लटकत होतं.

काका वाकले. बघितलं. "ते? कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी."

"तुझ्या बाबांना काय कळतं त्यातलं?"

ठिणगीला बापाचा अपमान सहन होत नाही. "बाबांचं कामच आहे ते! वर जातं, खाली येतं, ते मशीन बाबाच दुरुस्त करतात. आत माणसं असतात आणि मधेच बंद पडतं, मग बाबांना बोलावतात."

"मधेच?" काकांच्या मिशा खाली आल्या. "म्हणजे... वर असताना?"

"हो! एकदा एक आजी आत अडकल्या होत्या. बाबांनी छत उघडून काढलं त्यांना!"

नेमका याच क्षणी मी विजयी मुद्रेने दार उघडून बाहेर आलो.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या अगदी जवळ येऊन ते कुजबुजले, "झोपलंय?"

किती समजूतदार माणूस! पोरगं झोपलं की आपण हळू बोलावं हे फार थोड्यांना कळतं. मीही कुजबुजलो, "झोपलं एकदाचं!"

"एकदाचं? म्हणजे तुम्ही वाटच बघत होता?"

"अहो, सकाळपासून नुसती कुरकुर चालली होती. मला वाटलंच होतं, वर आलो की हे बंद पडणार."

"आणि... दुसरं?"

मी ठिणगीकडे बघितलं. "दुसरं अजून चालू आहे. पण त्याचाही भरवसा नाही. एकदा तापलं की कधी पेटेल, सांगता येत नाही!"

काकांनी भिंतीचा आधार घेतला. "मग आम्ही काय करायचं?"

"तुम्ही कशाला काय करताय? गप्प बसा आणि देवाचं नाव घ्या," मी गमतीत म्हणालो.

"असं आधी कधी झालंय?"

"रोजचंच आहे हो! दोन्ही एकदम बंद पडली ना, तर तो दिवस सोन्याचा! मी आणि बायको एकमेकांना टाळ्या देतो!"

काका माझ्याकडे बघत बघत उलट्या पावलांनी गेले. मला वाटलं, त्यांचा नंबर माझ्यामुळे लांबला, म्हणून अवघडले असतील. पण ते शौचालयात न जाता थेट आपल्या जागेवर जाऊन बसले आणि बायकोचा हात घट्ट धरला. केवढं प्रेम या वयात!

त्यानंतर विमानात एक विलक्षण शांतता पसरली. मागून पुढे कुजबुज सरकत होती, माना वळत होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या खांद्यावर झोपलेलं पोर, शेजारी चिडीचूप बसलेली पोर! लोकांना कौतुक वाटणारच. मीही मान किंचित लववून नमस्कार स्वीकारत होतो.

एक तरुण जवळ येऊन अदबीने म्हणाला, "साहेब, तुम्ही अनुभवी आहात म्हणून विचारतो. अशा वेळी पुढे बसलेलं बरं की मागे?"

नवीनच बाप झालेला दिसतोय, असा मी तर्क केला. "मागेच! काही झालं तर पटकन सुटता येतं."

तो गेला आणि पाहता पाहता मागच्या बाजूला गर्दी वाढू लागली. कुणी माझ्या खुर्चीच्या दांडीवर टेकलं, कुणी शौचालयाच्या दाराला पाठ लावून उभं राहिलं. टिंग! टिंग! टिंग! सगळीकडून बटणं वाजायला लागली. ढब्बू तर झोपला होता, म्हणजे निदान यात आमचा हात नव्हता!

एक बाई हवाईसुंदरीला विचारत होत्या, "ते पिवळं जाकीट पुन्हा एकदा घालून दाखवता का? मघाशी मी मोबाइल बघत होते." आणि पलीकडच्या रांगेतून काकांचा रडवेला आवाज आला, "आता लपवून काय करायचंय! तुझ्या भावाच्या नव्या गाडीला ओरखडा मीच पाडला होता."

"काऽऽय?" काकू किंचाळल्या. "आणि बारा महिने तुम्ही माझ्या भाच्याला शिव्या घालताय?"

"शूऽऽ!" ठिणगी खुर्चीवर उभी राहून ओरडली. "झोपलंय ना!"

तेवढ्यात मोठी हवाईसुंदरी, म्हणजे बाकीच्या जिला घाबरतात ती, गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर उभी राहिली.

"इंजिन बंद पडलंय असं तुम्ही सांगितलंत?"

"मी? कुठलं इंजिन?"

"हेच सांगत होते!" काका उभे राहिले. "एक झोपलंय, दुसरं पेटणार आहे, आणि यांना त्याचा आनंद होतोय!"

"आपण विमानाचे इंजिनिअर आहात?" तिने विचारलं.

"नाही हो. मी लिफ्ट दुरुस्त करतो."

"लिफ्ट?" काका म्हणाले.

"लिफ्ट?" गर्दी म्हणाली. आणि काय सांगू, त्या आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती! मघाशी मला साहेब म्हणणारा तो तरुण "हॅत्!" म्हणून वळला.

मी खांद्यावरच्या ढब्बूकडे बोट दाखवलं. "झोपलं ते हे. आणि दुसरं म्हणजे ही." कुणी हसेल अशी माझी अपेक्षा होती. कुणी हसलं नाही. काकू तर काकांकडे अशा बघत होत्या, की इंजिन खरंच बंद पडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

मग वैमानिकाचा भारदस्त आवाज आला. "प्रवासीहो, आपली दोन्ही इंजिनं पूर्णपणे जागी आहेत. मीही जागा आहे. कृपया आपापल्या जागेवर बसा."

"जागं झालं!" ठिणगीने टाहो फोडला. "बाबाऽऽ, विमान बोललं! आता ते चिडणार!"

त्या आवाजाने ढब्बू उठला. उठला तो थेट वरच्या पट्टीत! त्याने ठिणगीचा आवाज ओलांडला, ठिणगीने त्याचा. पुढे कुणाचं तरी तान्हं बाळ उठलं, त्याने सूर धरला. माझ्या खिशात होतं नव्हतं ते सगळं मी त्यांना दिलं. किल्ल्या दिल्या, चष्मा दिला. चष्मा ढब्बूने मला एका दांडीसकट परत केला, दुसरी अजून सापडलेली नाही. विमान जमिनीला टेकलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वैमानिकासाठी होत्या की आमच्यापासून सुटका झाल्याच्या, हे मी विचारलं नाही.

आम्ही सगळ्यांत शेवटी उतरलो. सामानाच्या पट्ट्याजवळ बायको उभी होती. चेहरा टवटवीत, साडीला चुणी नाही.

"झोप झाली?" मी विचारलं.

"अर्धी. मग शेजारच्या बाईंनी हलवून उठवलं. म्हणाल्या, मागे विमानाचा कुणी इंजिनिअर बसलाय, बरोबर दोन पोरं आहेत, आणि तो म्हणतोय की दोन्ही बंद पडली तर सोन्याचा दिवस."

"मग? तू आली का नाहीस?"

"पोरं दोन म्हटल्यावर मला खात्रीच पटली," ती शांतपणे म्हणाली. "मी कापूस आणखी आत ढकलला. त्या बाई म्हणत होत्या, 'त्याची बायको कोण असेल हो बिचारी!' मी म्हटलं, 'खरंच बाई, बिचारी!'"

मी काही बोलणार, तोच ठिणगी "आईऽऽ!" करून तिच्या कमरेला बिलगली. ढब्बूने तिच्या पदराला नाक पुसलं. पट्ट्याच्या पलीकडे एक बाई आपली बॅग उचलत होत्या, त्यांनी ते बघितलं. आधी बायकोकडे बघितलं, मग पोरांकडे, मग एका दांडीचा चष्मा लावलेल्या माझ्याकडे. बॅग तिथेच सोडून त्या तरातरा आमच्याकडे आल्या.

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या,

"अगं बाई, आधी सांगायचं नाही का! मी तुला उठवलंच नसतं!"