भिवाजींच्या घरचा गुप्त शब्द

'माझ्या घरातून कोणी ओटीपी काढून दाखवावाच,' असं भिवाजी तहसील कचेरीत छातीठोकपणे सांगायचे. कारकुनी सांभाळून त्यांनी साऱ्या गावाला शहाणं करण्याचा मक्ता घेतला होता. अनोळखी लिंक उघडू नका, फोनवर काही सांगू नका, आवाजच काय, आता चेहराही खोटा बनवता येतो!

बायकोची, द्वारकाबाईंची, त्यांनी परीक्षाही घेतली होती. दुसऱ्याच्या फोनवरून, हिंदीत, बँकेचा साहेब बनून. बाई ओटीपी सांगून बसल्या आणि भिवाजींनी तो किस्सा पाहुण्यांपुढं रंगवून सांगितला. बाईंना ते फार लागलं. तेव्हापासून घरात एक गुप्त शब्द ठरला. फोनवर जो तो शब्द सांगेल, तोच खरा माणूस. भिवाजी तो सारखा बदलत, कारण तसं करणं चांगलं असतं.

एका दुपारी इचोड्याच्या ढाब्यावर भिवाजी हात धूत असताना वरचं गांधीलमाश्यांचं पोळं उठलं. हात झाडण्याच्या नादात भिवाजींचा फोन हौदात गेला आणि तोंड पुरीसारखं फुगलं. लोकांनी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. एका इंजेक्शननं श्वास जरा मोकळा झाला, पण दुसरंही द्यायचं होतं.

"कोणतं औषध चालत नाही?" तेलुगू डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

मागं एका इंजेक्शननं जिवावर बेतलं होतं, एवढं भिवाजींना आठवलं. नाव आठवेना. गोळ्या-औषधांचा कारभार सगळा बाईंकडं. नाव कळल्याशिवाय डॉक्टर सुईला हात लावेनात. त्यांनी आपल्याच फोनवरून बाजारहत्नूरला घरी बाईंना हिंदीत विचारलं. अनोळखी नंबर, हिंदी आणि वर घाई! बाईंनी फोन कापला.

मग भिवाजींनी स्वतः लावला. "मी बोलून राह्यलो."

"हा आवाज त्यांचा नाही."

"व्हिडिओवर पाहा."

पडद्यावर फुगलेलं तोंड आणि डोळ्यांच्या जागी दोन फटी दिसल्या. "चेहराबी खोटा बनवता येते म्हणे," बाई म्हणाल्या. "गुप्त शब्द सांगा."

"पळस."

"तो जुना झाला."

"बहावा?"

"तो त्याच्याबी आधीचा."

नवा शब्द ठरवणारे तेच, आणि आता तो काही केल्या आठवेना. घसा पुन्हा आवळू लागला तसे भिवाजी खरोखर घाबरले.

"द्वारका, फोन ठेवू नको. माह्या जिवाचं काम आहे. दुसरं काही इचार."

बाईंनी विचारलं, "मले कोणती भाजी आवडते?"

भिवाजींनी डोळे मिटले. मुलं शिकली, नोकरीला लागली, एवढा संसार झाला. समोर ताट यायचं आणि ते जेवायचे.

"वांग्याची," ते म्हणाले.

"ती तुमाले आवडते." बाई म्हणाल्या. "तुमीच आहा. चोर असता तर चौकशी करून आला असता. डॉक्टरले फोन द्या."

बाईंनी औषधाचं नाव सांगितलं आणि मिळेल त्या ऑटोनं दवाखाना गाठला. सूज उतरल्यावर, परतीच्या वाटेवर, त्यांनी जाहीर केलं की आजपासून घरचा गुप्त शब्द म्हणजे आपल्या आवडीची भाजी.

"पण कोणती?"

"ते काऊन सांगू? कोणाले सांगू नये, तुमीच शिकवलं."

भिवाजी आता कचेरीत कोणाला काही शिकवत नाहीत. जेवताना मात्र आपल्या ताटाआधी बायकोच्या ताटात बघतात. अजून पत्ता लागलेला नाही. तिच्या ताटातही रोज वांगंच असतं.