दोन्ही दारी एक-एक गव्हर्नर

व्हर्लिन स्टॉडर्डला आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे नाही म्हणणं. बाकी त्याचं सगळं बरं चाललेलं होतं. शेतात पाणी उडवणाऱ्या पाइपांचा धंदा करून तो निवृत्त झाला होता. कॉटनवुड गावात कोपऱ्यावरचं घर होतं, पुढे हिरवळ, मागे कालव्याचा रस्ता, आणि घरात लारू नावाची बायको, जी दोघांच्या वाटणीचं नाही म्हणायची. शिवाय गावातल्या आपल्या प्रभागाचा तो पक्षप्रतिनिधी होता. दर निवडणुकीत बिनविरोध निवडून यायचा. (त्या कामात सभेच्या खुर्च्या मांडाव्या लागतात आणि सभा संपल्यावर उचलाव्या लागतात, हे कळल्यावर विरोध करायला कोण येणार?)

त्या वर्षी वसंतात गव्हर्नरसाहेबांची, म्हणजे वेड ऑलर्टन यांची, प्रचार करणारी दोन मुलं दारात आली आणि साहेबांची पाटी हिरवळीवर लावू का म्हणून विचारलं. व्हर्लिन हो म्हणाला. त्यात काही विशेष नव्हतं. साहेब पक्षाचे, व्हर्लिन पक्षाचा, आणि आयडाहोच्या त्या भागात दुसरा पक्ष औषधालाही मिळत नाही. खरी निवडणूक काय ती पक्षाच्या घरातच होते, मे महिन्यात. नोव्हेंबरातली नुसती सही-शिक्क्याची.

पण त्याच संध्याकाळी त्याचा मेहुणा डेल्मर पिकअप घेऊन आला. मागे पाट्यांचा ढीग. त्यावर नाव होतं लाइल टिंगी यांचं. हे टिंगी म्हणजे गुरांच्या कुरणाचे मालक आणि राज्याच्या सिनेटमधले सगळ्यात कडवे गृहस्थ. गव्हर्नर पेट्रोलवर कर वाढवतो, शाळांना पैसे वाटतो आणि तरी स्वतःला उजव्या विचारांचा म्हणवतो, तेव्हा आता त्याला घरी बसवायचं, असं ठरवून ते उभे राहिले होते.

डेल्मरने पुढची पाटी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "दाजी, तुम्ही पण?" एवढंच म्हणाला.

लारूचा धाकटा भाऊ. लग्नात गंमत म्हणून व्हर्लिनच्या गाडीमागे रिकामे डबे बांधणारा तोच. व्हर्लिनला ते तोंड बघवेना. तो म्हणाला, "अरे, मागच्या कुंपणाला जागा आहे की."

झालं. मोठ्या रस्त्याने येणाऱ्याला व्हर्लिन गव्हर्नरचा वाटे आणि कालव्याच्या रस्त्याने येणाऱ्याला टिंगींचा. दोन्हीकडचे त्याला हात करत. व्हर्लिन दोन्हीकडे हात करी, आणि गावात एवढं प्रेम आपल्याला कधी मिळालं नव्हतं, असं त्याला वाटे.

मग फोन सुरू झाले. गव्हर्नरच्या माणसाने विचारलं, शनिवारी साहेब तुमच्या अंगणात न्याहारीला आले तर चालेल का. साहेब निष्ठावंतांना विसरत नाहीत. व्हर्लिन हो म्हणाला. फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच डेल्मरचा फोन. शनिवारी दुपारी टिंगी गावात आहेत, मागच्या अंगणात जेवण ठेवू या. आणि जाता जाता असंही म्हणाला, की उद्या टिंगी निवडून आले तर कुंपणावर बसणाऱ्यांना आधी झाडून काढणार आहेत. व्हर्लिन याही वेळी हो म्हणाला. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये खुर्च्या पुढून मागे न्यायला भरपूर वेळ. खुर्च्या न्यायची तर त्याला सवयच होती.

लारूला त्याने सांगितलं की शनिवारी पक्षाची माणसं न्याहारीला येणार आहेत. नंतर, जरा वेळ जाऊ देऊन, ती दुपारी जेवतील असंही सांगितलं. लारू म्हणाली, "सकाळपासून दुपारपर्यंत बसणार? यांना घरं नाहीत का?" पण तिने बटाट्याचं पोतं काढलं. चीज घालून भट्टीत भाजलेले बटाटे ही तिची खासियत. गावात लग्न असो की मयत, ते बटाटे असायचेच.

शनिवारी बटाटे सोलायचं काम व्हर्लिनकडे आलं. तो सिंकपाशी उभा राहून सोलत होता आणि सालं सरळ सिंकच्या भोकात ढकलत होता. खाली कचरा दळायची चक्की असते, तिला एवढं काय जड? चक्कीने थोडा वेळ घरघर केली, मग घशात काही अडकल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाली. पाणी वर येऊ लागलं. व्हर्लिनने विचार केला की आणखी पाणी सोडलं तर आपोआप खाली जाईल. (पाइपांच्या धंद्यात माणसाने उभी हयात घालवली होती, हे इथे पुन्हा सांगायला नको.) त्याने नळ पूर्ण सोडला आणि तेवढ्यात मागच्या अंगणात गाड्या थांबल्याचा आवाज आला.

टिंगी लवकर आले होते. कुरणावरची माणसं, त्यांच्या लेखी ऊन वर आलं की दुपार. व्हर्लिन धावत मागे गेला, हात मिळवले, जरा पाय मोकळे करा म्हणाला, आणि मागे वळतो तो पुढच्या दाराची घंटा वाजली. गव्हर्नरसाहेब उशिरा पोचले होते. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला होता. व्हर्लिन धावत पुढे गेला, तिथे हात मिळवले, हवा छान आहे म्हणाला, आणि पुन्हा मागे धावला. टिंगींनी विचारलं की तुम्हाला दम्याचा त्रास आहे का. तो हो म्हणाला.

आता लारूच्या हिशोबात आलेली सगळी माणसं एकाच पंगतीची होती. तिने खिडकीतून पाहिलं तर निम्मी पुढे, निम्मी मागे. तिने मागचं दार उघडलं आणि टिंगींसकट सगळ्यांना सांगितलं, "इथे उन्हात काय उभे राहिलात? बाकीचे सगळे पुढे बसलेत. चला, घरातूनच चला." डेल्मर काही बोलणार होता, पण ताईचा शब्द मोडायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती.

त्या सगळ्यांची वाट स्वयंपाकघरातून जात होती. आणि त्याच वेळी गव्हर्नरसाहेब हात धुवायला पुढून आत शिरले होते.

दोघे समोरासमोर आले तेव्हा दोघांच्याही बुटांवरून पाणी वाहत होतं. सिंक भरून ओसंडत होतं आणि बटाट्याची सालं फरशीवर तरंगत होती. व्हर्लिन दाराच्या चौकटीत उभा होता. टिंगींनी गव्हर्नरकडे पाहिलं, गव्हर्नरने टिंगींकडे, आणि मग दोघांनी मिळून व्हर्लिनकडे.

"व्हर्लिन," गव्हर्नर शांतपणे म्हणाले, "तुम्ही नक्की कुणाचे?"

 उत्तर लारूने दिलं. ती नळ बंद करत म्हणाली, "तो शेवटचा जो बोलला त्याचा. आता ते राहू द्या आणि दोघांपैकी कुणाला पाना धरता येतो ते सांगा. याला धरता येत नाही हे मला माहीत आहे."

दोघांनाही येत होता. तशा मुलखात निवडून यायचं म्हणजे तेवढं यावंच लागतं. गव्हर्नरसाहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सिंकखाली उताणे शिरले. टिंगी बादली घेऊन गुडघ्यांवर बसले. दारात दोन्हीकडचे कार्यकर्ते मान उंचावून बघत होते.

"उजवीकडे फिरवा," टिंगी म्हणाले.

"उजवीकडे फिरवलं की आवळलं जातं. सोडवायला डावीकडेच फिरवावं लागतं."

"तेच तर मी राज्यभर सांगत फिरतोय, की तुम्ही डावीकडे फिरवता."

सिंकखाली पाना एकदा खडखडला. मग गव्हर्नर म्हणाले, "आणि तुम्ही एवढं आवळता, की लोकांच्या घरात पाणी तुंबतं."

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही, पण गव्हर्नरांच्या बाजूचं कुणीतरी टिंगींच्या बोलण्याला हसलं होतं आणि टिंगींच्या बाजूचं कुणीतरी गव्हर्नरांच्या, एवढं खरं. तेवढ्यात नट सुटला. सालांचा लगदा आणि तुंबलेलं सगळं पाणी राज्याच्या गव्हर्नरांच्या छातीवर आलं. टिंगींची बादली जागेवर नव्हती. (ती त्यांनी मुद्दाम सरकवली, असं गव्हर्नरची माणसं अजून म्हणतात. टिंगींची माणसं म्हणतात की बादली मधोमध होती, साहेबच डावीकडे सरकले.)

मग व्हर्लिनचा चौकडीचा सदरा घालून गव्हर्नरसाहेब जेवायला बसले. बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या. न्याहारी आणि जेवण एकच झालं. दोघांनी भाषणं केली, दोघांनी एकमेकांवर टीका केली, पण दोघांचीही तोंडं बटाट्यांनी भरलेली असल्यामुळे ती फार झोंबली नाही. डेल्मर मात्र एका कडेला ताट घेऊन उभा होता. व्हर्लिन त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला की चूक झाली, मी तेव्हाच तुला नाही म्हणायला हवं होतं. डेल्मरने घास संपवला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असतात, तर मला राग आला असता आणि मी पुढच्या आठवड्यात जेवायला आलोच असतो. तुमच्यावर रागवून जाणार कुठे?" आणि त्याने आणखी बटाटे वाढून घेतले. व्हर्लिनला इतकं हलकं वाटलं, की जाणाऱ्या प्रत्येकाला त्याने, तुमचाच माणूस निवडून येणार, असं सांगून टाकलं.

मतदानाच्या दिवशी तो लारूबरोबर शाळेच्या व्यायामशाळेत गेला. मतपत्रिका देण्याच्या टेबलाशी अरव्हिला बसली होती, लारूबरोबर चर्चमध्ये गाणारी. तिचा आवाज मोठा होता, गाताना आणि एरवीही. व्हर्लिन आडोशाला जाऊन बराच वेळ उभा राहिला. ऑलर्टन चांगला माणूस. पक्ष सांभाळून घेतो, आणि घरचं मोडून ठेवलेलं दुरुस्त करून गेला. टिंगीही चांगला माणूस. मनात येईल ते बोलतो, आणि डेल्मरचा लाडका. त्याने मतपत्रिकेवरचे काय ते गोल काळे केले आणि कागद मतं मोजणाऱ्या यंत्रात सरकवला. यंत्राने पिपाणी वाजवली आणि कागद परत बाहेर फेकला.

अरव्हिला वाकून यंत्रावरचा मजकूर वाचू लागली. मग म्हणाली, "व्हर्लिन, गव्हर्नर एकच निवडायचा असतो रे."

अख्खी व्यायामशाळा वळून बघू लागली. रांगेत ऑलर्टनची माणसं होती, टिंगींची होती, आणि या वेळी मात्र सगळी एकाच बाजूने हसली. अरव्हिलाने त्याला कोरा कागद दिला. व्हर्लिन कान लाल करून पुन्हा आडोशाला गेला, नको तिथे शाई लागू नये म्हणून हात घट्ट धरून एकच गोल काळा केला, आणि बाकी कशाकडेही न बघता कागद यंत्राला देऊन टाकला. यंत्राने तो मुकाट्याने गिळला.

बाहेर गाडीत बसल्यावर लारूने, कुणाला दिलंस हे विचारलं नाही. तिने विचारलं, "पक्षप्रतिनिधीच्या जागी स्वतःला तरी दिलंस ना?"

व्हर्लिनने गाडीची किल्ली फिरवायची थांबवली. कागदाच्या तळाशी आपलंही नाव आहे, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"मी कोरं सोडलं," लारू सीटबेल्ट लावत म्हणाली. "म्हटलं, बिनविरोध आहेस, एक मत तुझं तू तरी देशीलच."