रंग काय?

आमच्या परब सरांना 'कसे आहात' असं विचारता येतच नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, कुठेही भेटू देत, चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "रंग काय?"

रंग म्हणजे लघवीचा. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाटच पडले. पण सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि रिटायर झाल्यावरही कांदिवलीच्या मैदानावर पोरांना पळवतात. घामाने किती पाणी गेलं आणि ते कसं भरून काढायचं, हा त्यांचा जीव की प्राण. "फिका पिवळा, झकास. गडद पिवळा, वाट लागली!" पळून आलेल्या पोराने नुसतं पाणी ढोसलं तरी सर खवळतात. "अरे, घामातून मीठ पण गेलं ना? ते कोण भरणार, तुझा काका?"

यावरून एकदा काय रामायण झालं! तळमजल्यावरच्या सावंतांच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. भर उन्हाळा, मुलाचे वडील घामाघूम होऊन जिन्यातच टेकले होते. सर वरून उतरले आणि म्हणाले, "रंग काय?" त्या भल्या माणसाला वाटलं, मुलीकडचेच कोणीतरी मुलाची चौकशी करतायत. "तसा सावळा आहे," ते चाचरत म्हणाले, "पण नोकरी चांगली आहे." सरांचा चेहराच पडला. "सावळा? अहो, मग बसलाय काय, आधी दवाखान्यात चला!" आणि धरला की त्यांचा दंड! लग्न जमलं, पण त्यात सरांचा काडीचाही वाटा नाही.

सरांच्या बायकोला, सुमनकाकूंना, कॅन्सरने नेलं. त्यानंतर सर वर्षभर गप्पच होते. मग एक दिवस कळलं की अंधेरीला कसल्याशा कोर्सला जातात. कॅन्सरमधून उठलेल्या माणसांना व्यायाम कसा द्यायचा, त्याचं ट्रेनिंग. वर्गात सगळी कोवळी फिजिओ पोरं-पोरी, आणि पहिल्या बाकावर गळ्यात शिट्टी घातलेले आमचे सर. गॅलरीत मोठमोठ्याने पाठांतर चालायचं. आम्ही हसायचो. सर पास झाले आणि बिल्डिंगभर पेढे वाटले. आता फक्त विद्यार्थी मिळायचा बाकी होता.

तो मान मला मिळाला. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, औषधं झाली, डॉक्टर म्हणाले, सुटलात. पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आमच्याकडे कपडे छताजवळच्या दोरीवर काठीने वाळत घालतात. मला ती काठी उचलता येईना, म्हणून नवरा घालायचा. त्याने वाळत घातलेली साडी म्हणजे नुसता बोळा. जो येईल तो सांगायचा, पडून राहा, हात जपा. खरं सांगते, मला कॅन्सरपेक्षा त्या काठीचं रडू यायचं. घर माझं, साड्या माझ्या, आणि मी खुर्चीत बसून बघायचं?

सर आले ते थेट म्हणाले, "वहिनी, आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग व्यायाम." चिठ्ठी आणली तेव्हा त्यांनी तीच कपड्यांची काठी माझ्या दोन्ही हातांत दिली. "हीच आपली जिम! झोपायचं आणि हळूहळू डोक्याकडे न्यायची. दुखलं तर थांबा, ताणलं तर हसा."

कसलं हसू! मी जाम चिडायचे. "सर, तुमचा कोर्स गेला खड्ड्यात!"

"कोर्स जाऊ दे खड्ड्यात, हात येऊ दे वर."

हाताला सूज नाही ना, हे ते रोज बघायचे आणि घाई म्हणून करू द्यायचे नाहीत. हात कपाळापर्यंत आला आणि अडला. सलाम ठोकण्यापुरता झाला म्हणा ना. पुढे जायचं नाव नाही. मी आशा सोडली होती, सरांनी नाही.

मे महिन्यात मैदानावर पोरांचं शिबिर होतं. एके दुपारी व्यायामाची वेळ टळली तरी सरांचा पत्ता नाही. मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं, आणि सर खाटेवर आडवे. ओठ सुकलेले, चक्कर येत होती. सकाळभर पोरांना मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजलं, स्वतः प्यायचं राहून गेलं. मी नवऱ्याला फोन केला, डॉक्टरांना घेऊन ये म्हटलं. मग जी भडकले सरांवर! "जगाला शिकवता आणि स्वतःचं काय? बोला, रंग काय?"

सर छताकडे बघत हळूच म्हणाले, "हळदीसारखो."

सर मालवणीत बोलले की समजायचं, आतून हललेत.

"हा प्रश्न सुमनचा, वहिनी. मी मैदानावरून आलो की दारातच विचारायची. ती गेली, वर्ष गप्प काढलं आणि मग मी सगळ्यांना विचारत सुटलो. उलट मला कोणीच विचारलं नाही."

मी तडक त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, पाणी घेतलं, मीठ घातलं. साखरेचा डबा अगदी वरच्या फळीवर. काकू उंच होत्या ना. "एवढ्या वर कोण साखर ठेवतं," असं पुटपुटत मी डबा काढला.

मागे खाट करकरली. सर उठून दाराला धरून उभे होते.

"अगो बाय, हात गेलो वर!"

मी बघितलं. डबा उजव्या हातात होता, डोक्याच्याही वर. खाली घ्यायची हिंमत होईना.

"दुखतंय?"

"नाही."

"ताणतंय?"

"हो."

"मग हसा की!"

मी हसले कुठली, भोकाड पसरलं. सरही चष्मा काढून डोळे पुसत होते. मी ओरडले, "रडू नका, आणखी पाणी जाईल!" आणि ग्लास त्यांच्या तोंडाला लावला.

आता साड्या मीच वाळत घालते. शेवटची साडी दोरीवर सरळ झाली की काठी हातात घेऊनच गॅलरीत जाते आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक मारते, "सर, रंग काय?"

वरून लगेच आवाज येतो, "फिका! एकदम फिका!"